शिळं कुणी खायचं?

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात मेथीची अर्धी पेंडी मिळत नाही. मागून बघा. भाजीवाल्या मावशी हसतील, सगळीच घ्या म्हणतील, आणि दोन घेतल्या तर कमी लावते असं सांगून दुसरीही पिशवीत कोंबतील. चार माणसांच्या घरात पेंडी एका जेवणात संपते. एकट्याच्या खोलीत रविवारी आणलेली तीच पेंडी सोमवारी थोडी भाजी होते, मंगळवारी मलूल पडते आणि गुरुवारी प्लॅस्टिकच्या पिशवीत पिवळं पाणी सोडून बसते. ती कचऱ्यात टाकताना जो निष्कर्ष निघतो, तो या गावातल्या कितीतरी खोल्यांत दर आठवड्याला निघतो: एकट्यासाठी घरी करणं परवडत नाही, डबाच बरा.

हा हिशोब चुकीचा आहे, पण तो मांडणाऱ्याला आळशी म्हणून मोकळं होता येत नाही. त्याला स्वयंपाक शिकवला असलाच तर तो चार माणसांचा, आणि तोही गॅस बंद करेपर्यंतचा. उरलेल्याचं काय करायचं हा स्वयंपाकाचा दुसरा अर्धा भाग. तो कुणी शिकवत नाही, कारण आजवर ज्यांनी तो सांभाळला त्यांचं ते काम कुणी काम म्हणून मोजलंच नाही. माझं म्हणणं असं की एकट्या माणसाचं घर ताज्यावर कमी आणि उरलेल्यावर जास्त चालतं. ते चालवण्याचं कसब बाई-पुरुष सगळ्यांच्या हातात हवं. आणि ते हातात यायचं तर आधी चूल वापरायची मुभा हवी, जी भाड्याच्या बहुतेक खोल्यांत आणि वसतिगृहांत नाही.

एकटं राहणारं माणूस म्हटलं की विद्यापीठातला विद्यार्थी नाहीतर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा पोरगा डोळ्यांसमोर येतो. शिरोली नि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत पाळ्या करणारे, दवाखान्यांतल्या परिचारिका, बदलीवर आलेले बँकेतले लोक, हेही त्यात धरा. आणि पोरं पुण्याला गेल्यावर मागं राहिलेल्या आजी. त्यांना सगळं येतं, पण ‘एकटीसाठी कुठं चूल पेटवू’ म्हणून रात्री चहात चपाती बुडवून झोपतात. त्यांच्या घरी पाच लिटरचा कुकर आणि दहा माणसांची कढई असते. त्या कढईत वाटीभर भाजी तळाला लागते, करपते, नि जीव उबगतो. दोन लिटरचा कुकर आणि वीतभर कढई एवढ्या दोन वस्तूंनीही त्यांच्या जेवणात फरक पडतो. पूर्वी अशा घरांना शेजारच्या वाटीचा आधार असायचा. इकडून आमटी गेली की तिकडून वाटी रिकामी परत येत नसे. उरलेलं अन्न गल्लीत वाटून संपवायची ती पद्धत होती. फ्लॅटची दारं लागली आणि ती गेली.

आता मूळ प्रश्न. घरात शिळं उरलं तर ते कुणी खायचं, हे कुठल्या घरात बैठक घेऊन ठरवावं लागलं आहे? भाकरी कमी पडली तर शेवटी जेवणारीला कमी पडते, आणि उरली तर सकाळी तिच्याच ताटात येते. आपल्याकडे अन्न वाया जात नसे असं अभिमानानं सांगणाऱ्यांनी ते कुणाच्या पोटात जात होतं हेही सांगावं. काय उरलंय, किती उरलंय, उद्या ते कशात ढकलायचं, ही सगळी नोंदवही एका बाईच्या डोक्यात असायची. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला २९९ मिनिटं त्यात घालवतात आणि करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं निघालं. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत अंतर एका मिनिटानं घटलं. आणि फ्रीज उघडून ‘दही आंबट झालंय, उद्या कढी’ असं मनाशी ठरवण्याला मिनिटं लागत नाहीत, म्हणून ते अशा मोजणीत येतही नाही.

एकट्याच्या घरात ही सोय नसते. तिथं शिळं खायला दुसरी कुणी नाही. आणणारा, शिजवणारा, खाणारा आणि टाकणारा एकच. म्हणून तर तिथं हे कसब पहिल्यांदा उघडं पडतं. आणि म्हणून ते शिकायची उत्तम जागाही तीच.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं २०२४ च्या अहवालात मांडलं की २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घरांतून गेलं. भारतातल्या घरांसाठी त्यांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलोचा आहे. त्यात साली, देठ, हाडंही धरलेली असतात, त्यामुळं घाबरून जायला नको. तरी दिवसाला दीडशे ग्रॅम होतात. दुसरीकडं, २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या सरकारी सर्वेक्षणात शहरी माणसाच्या खर्चात पेयं आणि तयार, प्रक्रिया केलेले पदार्थ यांचा वाटा १०.६४ टक्के निघाला. दूध, भाजी, धान्य यांतल्या कुठल्याही एकापेक्षा तो जास्त आहे. घरात आणलेलं टाकायचं आणि बाहेरचं विकत आणायचं, असे दोन खर्च एकाच वेळी चालू आहेत.

कोल्हापूरला उरलेल्याचं शास्त्र बाहेरून आणायची गरज नाही. ज्या ताटावर हे गाव मिरवतं ते ताटच त्यावर उभं आहे. मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून भरपूर पाण्यात शिजवलं की जे पाणी निघतं ते अळणी. त्यातलं थोडं नारळाच्या दुधात जाऊन पांढरा रस्सा होतो, थोडं चटणी आणि भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणात जाऊन तांबडा, आणि मटण सुकं वेगळं. एका उकळीत तीन पदार्थ. पाव किलो मटण आणि लिटरभर पाण्यातही हे जमतं. एकट्या माणसानं रविवारी सुकं नि तांबडा खावा, राहिलेलं अळणी गार करून फ्रीजमध्ये ठेवावं आणि सोमवारी पांढरा करावा. नारळाचं दूध मात्र शेवटी घालायचं, आणि ते घातल्यावर खळखळून उकळू द्यायचं नाही. फुटलं की तेल वर नि चोथा खाली, मग कितीही ढवळा. पुरणपोळीच्या दिवशी हरभऱ्याच्या डाळीचं येळवणी, म्हणजे डाळ शिजल्यावर काढलेलं पाणी, आपण ओतून देतो का? त्याची आमटी पुरणापेक्षा आवडीनं खाणारे निम्मे लोक असतात. येळवणीच्या आमटीला कुणी शिळ्याची सोय म्हणत नाही, कारण ती सणाला होते.

रोजच्या जेवणात हेच तत्त्व डाळीला लावता येतं, आणि एकट्या माणसाला एकच गोष्ट शिकवायची असेल तर मी ही शिकवेन. एक वाटी तूरडाळ, साधारण पावणेदोनशे ग्रॅम, धुऊन अर्धा तास भिजवायची. तिप्पट पाणी, हळद, तेलाचे दोन थेंब. डाळ थेट कुकरात न टाकता कुकरच्या डब्यात घालायची, खाली पेलाभर पाणी, चार शिट्ट्या. थेट टाकली की एवढ्याशा डाळीचा फेस शिटीत चढतो नि तळ लागतो. शिजली की घोटायची आणि इथंच थांबायचं. मीठ नाही, चिंच नाही, फोडणी नाही. एकट्यानं करणाऱ्यांची मुख्य चूक इथं होते: सगळी डाळ एकदम फोडणीला टाकतात, मग तीच आमटी तीन वेळा गरम करून खावी लागते. दुसऱ्या दिवशी लसणाचा वास मेलेला असतो, तिसऱ्या दिवशी ती डोळ्यांसमोर नको होते आणि मोरीत जाते. ओलं खोबरं घातलं असेल तर उन्हाळ्यात तेवढाही धीर धरत नाही, संध्याकाळीच आंबते.

साधी घोटलेली डाळ तीन भागांत ठेवा. पहिल्या दिवशी वरण-भात, वर तूप नि लिंबू. दुसऱ्या दिवशी फोडणी, कांदा-लसूण चटणीचा एक चमचा, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा, झाली आमटी. तिसऱ्या दिवशी त्या वाटीभर डाळीत दोन वाट्या पाणी घालून फोडणीवर खळखळा उकळायचं आणि त्यात चकोल्या सोडायच्या. कणीक आदल्या दिवशीची उरलेली चालते. वरून काळपट झाली तरी आंबूस वास नसेल तर बिघडलेली नाही. चपातीहून किंचित जाड लाटून शंकरपाळ्यांसारखी कापायची आणि एकेक तुकडा उकळत्या आमटीत टाकायचा. उकळी मोडली किंवा सगळे एकदम लोटले तर गोळा होतो, तेवढं एक सांभाळा. आठ-दहा मिनिटांत पोटभर जेवण होतं, एकाच भांड्यात.

एक वाटी डाळीचे तीन भाग म्हणजे दर जेवणाला साधारण ५८ ग्रॅम. जुन्या मापात याला एक छटाक म्हणत. मेट्रिक मापं येण्याआधी बाजारात छटाक, अदपाव, पावशेर अशी उतरंड होती. एका माणसाच्या एका जेवणाला पुरणारं माप भाषेतच होतं. आता सगळ्यात लहान माप पाव किलो, आणि मॉलमध्ये तर पाच किलो आटा घेतला की एक किलो साखर स्वस्त. दोन वेळा घरी जेवणाऱ्या एकट्या माणसाला महिन्याला तांदूळ तीन किलो, पीठ पाच किलो, सगळ्या डाळी-कडधान्यं मिळून दीड-दोन किलो, तेल लिटरभराच्या आत, शेंगदाणे नि गूळ अर्धा-अर्धा किलो एवढं पुरतं. मोठ्या पाकिटाचा मोह व्हायच्या आधी पाकिटावरची दर किलोची किंमत वाचावी. ती छापणं आता बंधनकारक आहे. पाच किलोमागं वाचणारे पैसे दीड किलो पिठात अळ्या पडल्या की परत जातात.

पिठाचं विशेषच. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, भाकरी जुळते ती पिठाच्या विरीवर. दळून पंधरा-वीस दिवस झाले की विरी जाते, थापताना कडा चिरतात, भाकरी उचलताना तुटते, आणि नवशिक्याला वाटतं आपल्याला येत नाही. दोष पिठाचा असतो. अशा वेळी पाणी कडकडीत उकळून त्यातच पीठ मळायचं, म्हणजे थोडा चिकटपणा आणता येतो. पण खरा उपाय गिरणीतून किलो-किलोनं आणण्याचा. किलोभर पिठात दहा-बारा भाकऱ्या होतात, म्हणजे आठवडा निघतो. बाजरी तर आणखी लवकर कडवट होते, तिच्यात तेल जास्त असतं.

शिळी भाकरी का कडक होते, तर नुसती वाळते म्हणून नव्हे. शिजलेलं पीठ गार होताना आतलं पाणी बाहेर टाकून घट्ट होत जातं. ओल आणि ऊब एकदम दिली की ते पुन्हा मऊ पडतं. म्हणून फोडणीची भाकरी करताना दोन भाकऱ्या जाडसर कुस्करायच्या (भुगा केला की खाताना पीठ लागतं), त्यावर चार-पाच चमचे ताक शिंपडून दहा मिनिटं झाकून ठेवायचं. मग मोहरी, जिरं, कढीपत्ता, शेंगदाणे, हिरवी मिरची, एक मोठा कांदा, हळद. कांदा मऊ झाल्यावर कुस्करा घालून मंद आचेवर झाकण. पाच मिनिटं. ताक जास्त पडलं तर लगदा होतो, आच मोठी ठेवली तर तळ करपतो नि वरचं कोरडंच राहतं. खर्डा आणि दही असेल तर हे जेवण शिळं आहे हे सांगावं लागतं.

भाताच्या बाबतीत मी इतका उदार नाही. तांदळावर काही जिवाणूंचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात कुकरातच रात्रभर कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष फोडणीच्या आचेनं जात नाही. ‘चांगला परतला होता की’ म्हणून पोट धरून बसणाऱ्यांची गडबड इथं असते. उरलेला भात जेवण झाल्याबरोबर ताटात पसरून गार करावा, तास-दीड तासात फ्रीजमध्ये जावा आणि दुसऱ्या दिवशी संपावा. फ्रीज नसेल तर भात मोजूनच शिजवा, पाऊण मूठ कमीच. बुरशीचंही तसंच: भाकरीवर एक ठिपका दिसला तर तेवढा तुकडा काढून बाकीची खाऊ नये, मऊ अन्नात ती आतपर्यंत गेलेली असते. अन्न पूर्णब्रह्म खरं, पण आंबलेला भात गिळण्यानं अन्नाचा मान वाढत नाही. पाकिटांवरही दोन वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात. ‘बेस्ट बिफोर’ ही चवीची मुदत, ती उलटली म्हणून रवा किंवा पोहे लगेच फेकायचं कारण नाही. वास घ्या, चाळून बघा. ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ लिहिलं असेल तिथं मात्र वाद घालू नका.

हल्ली ‘काहीच टाकायचं नाही’ अशी एक हौसही आली आहे. कलिंगडाच्या सालीची भाजी, बटाट्याच्या सालींचे चिप्स. दोडक्याच्या शिरांची चटणी मलाही आवडते. पण एकट्याच्या घरातून जे खरोखर वाया जातं ते म्हणजे भात, चपाती, पालेभाजी, दूध. साली नंतर बघू.

मेथीचा हिशोब आधी मिटवू. घरी आणल्यावर पेंडी सोडायची, पिवळी पानं काढायची, मुळं कापायची आणि धुवायची नाही. धुऊन ठेवलेली पालेभाजी दोन दिवसांत सडते. कागदात गुंडाळून, भोकं पाडलेल्या पिशवीत ठेवली की चार-पाच दिवस टिकते. रविवारी निम्म्या पानांची भाजी. मंगळवारी पाव पेंडी, हाताशी असेल तर थोडा पालक किंवा चुका, आणि वर सांगितलेल्या डाळीतली अर्धी वाटी, मिळून गरगट्टं. उरलेली मूठभर बुधवारी थालिपिठात. संपली पेंडी. कोथिंबिरीचं असंच, फक्त तिचे देठ टाकू नयेत. वाटणात पानांपेक्षा देठांचा वास उतरतो. टोमॅटो मऊ पडले की किसून मीठ-तेलात आटवून ठेवावेत. आंबट दह्याची कढी करताना वाटीभर दह्याला दीड चमचा बेसन आधीच घुसळून घ्यावं आणि उकळी फुटेपर्यंत ढवळत राहावं, नाहीतर फाटते.

या सगळ्याच्या पाठीशी उभी असते ती कांदा-लसूण चटणी. भाजलेलं खोबरं, तीळ, कांदा, लसूण, खडा मसाला आणि मिरची डंकावर कुटून एकदा बरणीत आली, की एकट्या माणसाला रोजचं वाटण करावं लागत नाही. दिवसाला एक चमचा धरला तर अर्धा किलो चटणी तीन महिने जाते. त्याहून जास्त भरू नये, खोबऱ्याचं तेल खवट होतं. आणि बरणीत ओला चमचा घालणाऱ्याला बरणीला हात लावू देऊ नये.

आता डब्याकडं येऊ. डबा वाईट नाही. कितीतरी बायकांचं घर खानावळीवर उभं आहे, आणि परीक्षेच्या दिवसांत कुणी चकोल्या लाटत बसावं असं मी म्हणणार नाही. एक वेळ डबा, एक वेळ घरचं, हा सगळ्यात शहाणा मेळ. पण डब्यातही उरतं. चार चपात्यांतल्या दोन, सुक्या भाजीतली निम्मी. ज्याच्याकडं तवा आहे तो सकाळी त्याची फोडणीची चपाती करतो, ज्याच्याकडं नाही तो ती खिडकीतून कावळ्यांना घालतो. म्हणजे डबा खाणाऱ्यालाही शेगडी लागतेच. आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये किंवा २०२१ च्या जुलैमध्ये महापुरानं महामार्ग बंद पडला, गावात भाजी नि दुधाची ओढाताण झाली, तेव्हा डाळ, तांदूळ, गूळ, शेंगदाणे आणि चटणीची बरणी ज्याच्या फडताळात होती त्याचं बरं निभावलं.

खोलीत स्वयंपाक करायचा नाही, अशी अट घालणाऱ्या मालकांची भीती खोटी नाही. साध्या खोलीत सहा अँपिअरचं सॉकेट असतं. २३० व्होल्टवर त्यातून फार तर १,३८० वॅट घ्यावेत. इंडक्शन शेगडी पूर्ण जोरात २,००० वॅट ओढते, म्हणजे जवळपास नऊ अँपिअर. तीच शेगडी स्वस्तातल्या एक्स्टेंशनवर, तिथंच मोबाइल नि पंखा. सॉकेट वितळतं, वायर तापते, आणि कधीतरी गादी पेटते. बंदी घातल्यानं हे थांबत नाही, फक्त लपतं. शेगडी कपाटात ठेवली जाते, मालक झोपल्यावर काढली जाते, खिडकी बंद करून वापरली जाते. चोरून केलेल्या स्वयंपाकासारखा धोक्याचा स्वयंपाक दुसरा नाही.

त्यावर तोड आहे, आणि ती महागही नाही. दहा-बारा जणांमागं एक सामाईक स्वयंपाकघर. सोळा अँपिअरचे दोन पॉइंट, प्रत्येकाला स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप वीज तोडणारा खटका), दोन शेगड्या. गॅस हवा असेल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. घरगुती दरापेक्षा महाग पडतो, पण १४.२ किलोचा सिलिंडर कुणाच्या नावावर घ्यायचा हा प्रश्न मिटतो. तो झोपायच्या खोलीत मात्र नको. एक फ्रीज, प्रत्येकाला एक कुलपाचा कप्पा, आणि डब्यावर नाव नि तारीख. बिनतारखेचा डबा तिसऱ्या दिवशी बाहेर, मग तो कुणाचाही असो. खोलीच्या भाड्यात याचे थोडे पैसे वाढले तर भाडेकरू कुरकुरतील, पण देतील.

हे कोल्हापुरात सांगावं लागतं याचं नवल वाटतं. खेड्यातल्या पोरानं शिकायला शहरात यावं तर राहायचं कुठं, जेवायचं काय, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी ज्या गावानं हातात घेतला ते हे गाव. १९०१ मध्ये शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, आणि पुढच्या काही वर्षांत जैन, लिंगायत, मुस्लिम, मिस क्लार्क अशी एकामागून एक बोर्डिंग उभी राहिली. नंतरच्या पिढ्यांत गावाकडून एसटीनं येणाऱ्या भाकरीच्या डब्यावर कितीतरी जण पदवीधर झाले. आज एसटीतून डबा पाठवणारी आई स्वतः कामावर जाते. प्रश्न तोच आहे, उत्तर बदलायला हवं. विद्यापीठ आणि समाजकल्याणची वसतिगृहं यांनी तरी नव्या इमारतीच्या नकाशात मेसच्या शेजारी एक खोली यासाठी दाखवावी, आणि महापालिकेनं भाड्याच्या वसतिगृहांना परवाने देताना वायरिंगसोबत तिचीही अट घालावी. मटण चालेल की नाही, यावर तंटे होतीलच. त्यासाठी भांडी नि कप्पे वेगळे ठेवता येतात. एका ठिकाणी कुणी कुणाच्या हातचं खावं-प्यावं हा वाद या गावाला नवा नाही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात शाहू महाराज चहा प्यायले ते इथंच.

सामाईक स्वयंपाकघरं मोडतात ती शेगडीवरून नव्हे, सिंकवरून. जेवून झालं की पातेलं तसंच सोडून जाणारा पहिल्या आठवड्यातच सापडतो. दुसऱ्या आठवड्यात त्याचं बघून आणखी दोघं सोडतात, आणि महिन्याभरात तिथं झुरळं नांदतात. यावर एकच नियम चालतो: स्वतःचं पातेलं, स्वतःचा तवा, स्वतःचं ताट, आणि सिंकमध्ये ठेवलेलं भांडं जप्त. नियम ठरवायला पोरं जमतील तेव्हा पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणेल, सगळ्यांनी पैसे काढून भांडी घासायला एक बाई लावू. तो ठराव मंजूर करू नये.